बाबांच्या नावावरचं खातं

"भाऊजी, बत्तिशी आवरा. वारशाचं प्रकरण आहे, जरा पोरकं दिसा," मेहुण्याने बजावलं.

दातांच्या डॉक्टरने तोंड मिटलं, पण पाय काही ठरेनात. कर कार्यालयाच्या त्या बोळात बाकावर बसून त्याला चक्क शीळ घालावीशी वाटत होती. नोटीस आली त्या दिवशी मात्र त्याने दवाखान्याला कुलूप घातलं होतं. परदेशातल्या एका बेटावरच्या बँकेने तिथल्या सरकारला खात्याची माहिती दिली, त्या सरकारने इथल्या. दवाखान्याची इतक्या वर्षांची बिनपावतीची कमाई उघडी पडली होती. कर, दंड आणि वर तुरुंग!

पण मेहुणा सीए होता आणि भलताच बिलंदर.

"खातं तुमच्या वडिलांच्या नावावर आहे ना? मग झालं तर! पैसे त्यांचेच म्हणा. ते गेले, तुम्हाला मिळाले. वारशाला कर नाही. व्याजावर काय चार दमड्या लागतील त्या भरू."

खरंच की! बाबा बेटावरच्या गोदीत इंजिनियर. वर्षातले दहा महिने तिकडेच. खातंही त्यांनीच ऐन उमेदीत उघडलेलं. सुट्टीवर घरी आले तरी मनगटावरचं घड्याळ बेटाच्याच वेळेवर. आई चिडायची. "असू दे गं, सवय," म्हणून ते हसायचे.

पुढे अर्धांगाने त्यांची वाचा गेली. तेव्हा हात धरून डॉक्टरने खात्याच्या कागदांवर त्यांच्या सह्या घेतल्या आणि आपली कमाई तिकडे वळवायला सुरुवात केली. बाबा डोळे मोठे करून, मान हलवून काहीतरी सांगू बघत होते. 'सरळ माणूस, भितो बिचारा,' असं वाटून डॉक्टरने त्यांची पाठ थोपटली होती. गेल्या वर्षी ते वारले.

शिपायाने आत बोलावलं.

अधिकारी बाईंनी चहा मागवला. चहा! डॉक्टरने टेबलाखालून मेहुण्याला ढोसलं.

"यातला एक पैसाही तुमचा नाही?" बाईंनी विचारलं.

"छे हो! सगळा बाबांचा घाम."

"उद्या शब्द फिरवाल."

"जीभ झडेल माझी!"

"मग शपथेवर लिहून द्या. खोटं निघालं तर थेट तुरुंग, सांगून ठेवते."

डॉक्टरने अशी झोकात सही केली की कागद फाटायचाच राहिला. बाईंनी ती नीट पाहिली आणि फाईल मिटली.

"करचुकवेगिरीचा विषय संपला. तुमच्यावर आता काही नाही."

सुटलो! डॉक्टरला बाईंच्या टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. मेहुण्याने पाय दाबला, पण तोवर तोंडातून निघून गेलं होतं.

"मग पैसे मला कधी मिळतील?"

"तुम्हाला?" बाईंनी चष्मा काढला. "खात्याला वारस लावून ठेवलेत की तुमच्या वडिलांनी. आम्ही बेटावर विचारलं, कालच उत्तर आलं. तुमच्या तिथल्या सावत्र आईंनी आणि तिन्ही भावांनीही शपथेवर हेच लिहून दिलंय, सगळे पैसे बाबांचेच."