फिरतंय का?

"बाबा, आधी एवढंच सांगा, ती फिरणारी आहे की न फिरणारी?" मुलीने फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

फिटरकाकांनी चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे पाहिलं. सकाळी कॉम्प्युटर जागा संपली म्हणून कुरकुरला आणि त्यांनी साफसफाई काढली. 'नवीन फोल्डर दोन' म्हणजे पहिल्याचीच दुसरी प्रत, अशी समजूत करून घेऊन त्यांनी तो उडवला. वर कचरापेटीही रिकामी केली. भरलेली टोपली त्यांना जन्मात कधी बघवली नाही. त्या फोल्डरात त्यांच्या बायकोने शेवटच्या आजारपणात नातीसाठी सांगितलेल्या एकोणीस गोष्टी होत्या. तिचा आवाज आता दुसरीकडे कुठेच नव्हता.

मुलीने दुरुस्तीवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असेल तर पुसलेलं बहुतेक परत मिळेल. नुसती चिपवाली असेल तर आशा सोडा. कोणती आहे ते आधी बघा.

बघायचं कुठे? मुलगी सांगेल तसं ते दाबत गेले. एकावर एक तीन खिडक्या उघडल्या आणि चौथी काही केल्या बंद होईना. ती उजवीकडे म्हणाली की हे नेमके डावीकडे. डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी त्यांनी माऊस बाजूला सारला, फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला, कॅबिनेटचं झाकण काढलं आणि लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर आणला. चाळीस वर्षं गिरणीत त्यांनी हेच केलं होतं. टोक यंत्रावर, मूठ कानाला, की आतलं बेअरिंग आपणहून बोलायला लागायचं.

त्यांनी टोक डिस्कच्या चपट्या डबीवर टेकवलं. आत घूं घूं चाललं होतं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"फिरतंय गं. चांगलं फिरतंय."

मुलगी तिकडे रडायलाच लागली. मग नाक ओढत म्हणाली, "पण बाबा, तो आवाज आतल्या पंख्याचा नाही ना?"

आता हे हिने कुठून काढलं? त्यांना तिचा राग आला, मग स्वतःचा. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि तिचं मागचं टोक हळूच पंख्याच्या पात्यांत घातलं.

घूं घूं थांबलं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर डबीच्या एका कोपऱ्यावर ठेवला, मग दुसऱ्या, मग मध्यावर. गिरणीत कानाला काही वावगं लागलं नाही की ते 'ठीक आहे' म्हणून पुढच्या यंत्राकडे वळत. आज कानाला काहीच लागत नव्हतं आणि त्यांना तिथून हलता येईना.

"बाबा? काय ऐकू येतंय?"

"थांब जरा. या कानाने मला कमीच येतं," ते म्हणाले आणि त्यांनी मूठ दुसऱ्या कानाला लावली.