ठोंब्याचं प्लास्टर

"प्लास्टर राहू द्या," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी उचललेली कात्री खाली ठेवली. "अहो, हाड कधीच जुळलंय. मागच्या खेपेलाही तुम्ही हेच म्हणालात."

"आणखी एक महिना. तुमचं काय जातं?"

"माझं काही जात नाही, ह्याचा पाय जाईल. हलवला नाही तर पाय आतल्या आत सुकतो, मावशी. मग जन्मभर लंगडेल."

टेबलावर ठोंब्या जीभ बाहेर काढून दोघींकडे आळीपाळीने बघत होता.

खरं कारण सांगायचं कसं? दुधाच्या गाडीखाली ठोंब्याचा पाय सापडला, त्याच आठवड्यात मुलगा त्यांना कायमचं आपल्याकडे न्यायला आला होता. एकटीने राहायचं वय आहे का तुझं, म्हणाला. त्याच्या इमारतीत कुत्री चालत नाहीत, ठोंब्याची कुठेतरी सोय करू, असंही म्हणाला. मावशींना ना घर सोडायचं होतं, ना ठोंब्याला. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "ह्याचा पाय तरी बरा होऊ दे." त्या प्लास्टरच्या आडोशाने त्यांनी सगळा हिवाळा काढला.

नाही म्हणायची मावशींना सवयच नव्हती. सबबींवर त्यांनी अख्खा संसार रेटला होता. सासूबाईंसाठी डोकेदुखी, नवऱ्याच्या आगंतुक मित्रांसाठी संपलेला गॅस, शेजारणीसाठी दुरुस्तीला गेलेला मिक्सर. तो मिक्सर वर्षानुवर्षे पलंगाखाली सुखाने नांदत होता. भांडण नको आणि आपलंच खरं व्हावं, तर सबबीसारखं औषध नाही, असं त्यांचं ठाम मत. आता मात्र त्यांच्या सबबीचं ओझं एक मुका जीव वाहत होता. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

"काढा," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता काढा."

ठोंब्या सुरुवातीला पाय टेकायलाच तयार नव्हता. मावशी रोज त्याचा पाय चोळायच्या, अंगणात आपल्यामागे चालवायच्या, तो थांबला की त्याला शिव्याही घालायच्या. हळूहळू त्याने पाय टेकला. मग तो धावला. मग त्याने दोरीवरची धुतलेली चादर ओढून पार चिंध्या केल्या, आणि मावशींनी त्याला त्याबद्दल बिस्कीट दिलं.

मुलगा आला त्या सकाळी मावशींचा हात कपाटातल्या बँडेजकडे गेला होता. पायाला गुंडाळायला कितीसा वेळ लागतो? पण त्यांनी कपाट लावून घेतलं. फाटक वाजताच ठोंब्या चारी पायांवर सुसाट धावत गेला.

चहा झाला. मुलगा बराच वेळ रिकाम्या कपाकडे बघत बसला. ठोंब्या त्याच्या बुटाची नाडी ओढत होता.

"आई," तो कपातच बघत म्हणाला, "मला तर हा अजून जरा लंगडतोय असं वाटतं. राहू दे मग उन्हाळाभर. आम्हालाही तुझी खोली रंगवून घ्यायचीय."

मावशींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. तीच खाली गेलेली नजर, तोच मऊ आवाज. खाण तशी माती! ह्यालाही आपल्याला न्यायचं नव्हतं तर. चार लोक नावं ठेवतील म्हणून येत होता बिचारा. त्यांना हसू आलं, आणि वाईटही वाटलं.

आता नुसती मान हलवायची होती. घर राहिलं असतं, ठोंब्या राहिला असता, कुणी कुणाला दुखावलं नसतं.

"लंगडत नाहीये तो," मावशी म्हणाल्या. "ठणठणीत बरा झालाय. मलाच यायचं नाही."