शांतता नको

"आता कस्तुरीसाठी दोन मिनिटं शांतता," असं म्हणून गल्लीतल्या शोकसभेत नगरसेवकांनी डोळे मिटले.

नगमागुरूने त्यांच्या हातातून माइक घेतला. "साहेब, माझी चेली झोपेतसुद्धा बडबडायची. शांतता तुम्ही त्या दिवशीच पाळलीत. हिजडा म्हणून चौघांनी तिला इथंच ठेचून मारलं, तेव्हा गल्लीत कुणी ब्र काढला नाही. आता टाळ्या वाजवा."

तिने पहिली टाळी वाजवली, हाडं खडखडतील अशी. मागे बसलेल्या तिच्या साऱ्या चेल्या सुरू झाल्या. नगरसेवकांनीही नाइलाजाने हात आपटले.

तेवढ्यात समोरच्या दुकानातला इस्त्रीवाला मान खाली घालून पुढे आला. "मी पाहिलंय. चौघांनाही ओळखतो."

नगमाने तोंडात आलेली शिवी गिळली. "चल मेल्या, चौकीत. पण आधी इस्त्री बंद कर, नाहीतर गल्ली जाळशील."