टाकीपुढचा नारळ

मालनने निरांजनात लावायला वात उचलली, तर ती बोटांतच चिखलासारखी विरघळली. घाबरून तिने देव्हाऱ्याला हात टेकला. सागवानी लाकडात बोटं रुतली.

"अहो, लवकर या इकडं!"

विलास धावत आला आणि दारातच थिजला. कारखान्यात उसाची चिपाडं खाऊन इंधन करणारे जिवाणू तो सांभाळायचा. रोज तिथंच अंघोळ करून, कपडे बदलूनच घरी यायचा. पण परवा जिवाणूंच्या नव्या टाकीची पूजा झाली. तिच्या काठावर फोडलेल्या नारळांचा प्रसाद साऱ्यांनी घरोघरी नेला होता.

"करवंटी कुठं टाकलीस?"

"मागं, बांधावर."

त्याने मागचं दार उघडलं. वारा अजिबात नव्हता. तरी बांधापलीकडचा ऊस हळूहळू आडवा होत होता.