पहिला तास विनामूल्य

मास्तर डाव्या हाताची नखं बघायला मागणार, तेवढ्यात मुलीने हात पुढे केला. नखं आधीच बारीक कापलेली होती. गिटारच्या शिकवणीच्या पहिल्या दिवशी असं कुठल्याच घरी होत नाही. पहिल्या दिवशी पोरांची नखं वाढलेली असतात, आया नेलकटर शोधत घरभर फिरतात, आणि मास्तरांचा तेवढाच वेळ सुखाने जातो.

मास्तरांना बरं वाटलं. वर्षभरात त्यांचं एकेक घर सुटत गेलं होतं. मुलं मोबाईलवर बघून शिकत होती, नाहीतर शिकणंच सोडून देत होती. हे घर काहीही करून मिळायला हवं होतं.

मुलीचे वडील सोफ्यावर पायावर पाय टाकून बसले होते आणि मोबाईल समोर धरून सगळं चित्रित करत होते. आठवण राहते, असं त्यांचं म्हणणं. शिकवणं आधी डोळ्यांनी बघू, मग काय ते ठरवू, हेही त्यांनी दारातच सांगून टाकलं होतं.

गिटार मांडीवर कशी घ्यायची हे मास्तर सांगू लागले, तर मुलीने ती घेतलेलीच होती. अंगठा मागे कुठे टेकवायचा तेही तिला माहीत होतं. मास्तरांनी पहिल्या तारेचं नाव सांगितलं, तशी तिने उरलेल्यांची नावं पाढे म्हटल्यासारखी घडाघडा म्हणून टाकली. मुलगी हुशार आहे, मास्तर मनात म्हणाले. माणसाला गरज असली की त्याला शंका जरा उशिराच येते.

मग त्यांनी पहिल्या दिवसाची धून काढली. घरोघरी जाऊन शिकवणाऱ्या प्रत्येक मास्तराकडे अशी एक धून असते. सोपी, गोड आणि अर्धी. उरलेली अर्धी मास्तर आपल्याबरोबर घेऊन जातो. पोरगं आठवडाभर अर्धीच धून वाजवत बसतं, आईबापांचं डोकं खातं आणि मास्तरांना फोन येतो. ही युक्ती कुणी कुणाला शिकवत नाही, पण धंद्यात पडलं की सगळ्यांना येते. मास्तरांचा संसार त्या अर्ध्या धुनेवरच चालला होता.

मुलीने ती बघता बघता उचलली. थांबायच्या जागी मास्तरांनी हात उचलला आणि पुढचं पुढच्या वेळी, असं नेहमीचं वाक्य टाकलं. या वाक्यावर पोरं हिरमुसतात. ही हिरमुसली नाही. तिने समजूतदारपणे मान हलवली. तेव्हा कुठे मास्तरांचं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. तारा दाबून दाबून टोकांना घट्टे पडले होते.

आणखी काही येतं का, असं त्यांनी हळूच विचारलं. मुलीने वडिलांकडे पाहिलं. ते मोबाईलच्या पडद्यात गुंतले होते. मग ती वाजवू लागली. एक धून, आणि अर्ध्यावर थांबली. दुसरी, तीही अर्ध्यावर. तिसरी, चौथी. मास्तरांना एकेक ओळखू येत होती. ही त्या दाढीवाल्या मास्तराची, ही वाद्यांच्या दुकानात बसणाऱ्या बाईंची, ही तर त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याची. सगळ्यांच्या जाहिरातीत एक ओळ सारखी असते, की पहिला तास विनामूल्य. या गृहस्थाने पोरीचं सगळं शिक्षण त्या एका ओळीवर चालवलं होतं.

"यातल्या एकीचाही पुढचा भाग कुणी शिकवला नाही?" मास्तरांनी विचारलं.

"परत कुणाला बोलावलंच नाही," मुलगी म्हणाली.

वडील जरा खाकरले. पारखून घ्यायला नको का, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, असं म्हणाले. एकाचंही शिकवणं पटलं नाही, सगळे अर्धवट, हेही म्हणाले.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच क्षणी उठायला हवं होतं. ते उठलेही असते, पण मुलीचा हात गिटारवरून हलला नव्हता.

"सर, एक तरी पूर्ण शिकवा ना."

मास्तरांनी शिकवली. पुढचा भाग अवघड होता, करंगळी पुरत नव्हती, तास केव्हाच उलटून गेला. शेवटी मुलीने धून पहिल्यापासून वाजवली आणि शेवटपर्यंत नेली. शेवटचा सूर विरेपर्यंत तिने तारेवरचं बोट उचललं नाही. मास्तरांच्या तोंडून 'वा' निघून गेलं, आणि या घरात ते निघावं याचा त्यांना संताप आला.

वडिलांनी चित्रण थांबवून टाळ्या वाजवल्या. तुम्ही बाकीच्यांसारखे नाही, म्हणाले.

"मग कधीपासून येऊ?" मास्तरांनी विचारलं. विचारताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"कळवतो की. आता एवढं पूर्ण यायला लागलंय म्हटल्यावर घाई कसली?"

दार लागलं. मास्तर जिन्यात वाकून बूट घालू लागले. आत मुलीने पुन्हा सुरुवात केली. थांबायची जागा आली आणि ती न थांबता पुढे गेली. मास्तर एक बूट हातात धरून तसेच ऐकत राहिले.

"थांब गं जरा, फोनवर आवाज जातोय," आतून वडिलांचा आवाज आला. गिटार बंद पडली. मग तोच आवाज एकदम मऊ झाला.

"नमस्कार सर, तुमची जाहिरात पाहिली. मुलीला गिटार शिकवायची होती. नाही, नाही, अगदी नवीन आहे ती. काहीच येत नाही तिला."