दोन्हीतलं सोपं

वाफेच्या नव्या पाइपलाइनसाठी दोनपैकी कुठलीही एक नियमावली पूर्ण पाळायची होती. एकीत पाइप पातळ चालायचा, पण चाचणी कडक. दुसरीत चाचणी हलकी, पण पाइप जाडच हवा. साहेब म्हणाले, "दोन्हीतलं सोपं तेवढं उचल." डिझायनरने उचललं: पातळ पाइप, हलकी चाचणी.

लाइन आखणाऱ्यानेच पहिला वॉल्व्ह उघडायचा, ही तिथली पद्धत. त्या सकाळी तापाची थाप मारून तो पांघरुणात शिरला.

तेवढ्यात त्याच प्लांटात कामाला असलेल्या धाकट्या बहिणीचा फोन आला.



"दादा, तुझा मान घरातच राहिला बघ! साहेबांनी तुझ्याऐवजी मलाच उभं केलंय. थांब, फोनवरच ऐक वाफेचा आवाज..."