अठ्ठ्याऐंशी अंश

नौशादभाईंनी कॉफी मशीनचं झाकण परत बसवलं. चंद्रावरच्या वसाहतीत घरोघरची मशीनं तेच दुरुस्त करत.

"पाणी पुरेसं तापतच नाही. कॉफी आंबट लागते, फेस टिकत नाही," हेमांगी म्हणाली. "हीटर गेला का?"

"हीटर ठणठणीत आहे, ताई."

त्यांनी उघड्या पातेल्यात पाणी ठेवून थर्मामीटर धरला. अठ्ठ्याऐंशी अंशांवरच पाणी खळखळ उकळलं.

"मागच्या महिन्यात हेच पंच्याण्णवला उकळायचं. घुमटातला हवेचा दाब कमी होतोय. हवा कुठूनतरी गळतेय."

हेमांगीने पातेल्याखालची आच बंद केली. "वसाहतीच्या ऑफिसला कळवलंत?"

"सतरा घरांत हेच दिसलं, तेव्हाच कळवलं. त्यांना भेग सापडत नाहीये. लोकांना मशीनच बिघडलंय म्हणून सांगा, म्हणाले. मला नाही जमलं."

"आणि पृथ्वीवरून यान?"

"सात महिन्यांनी. हवा तीन महिने पुरेल."

तेवढ्यात तिचा नवरा श्रीनिवास बाहेरून आला. चार पायऱ्या चढूनच त्याला धाप लागली होती. दाराला टेकत त्याने विचारलं, "झालं का मशीन दुरुस्त?"

नौशादभाई खाली मान घालून हत्यारं पिशवीत भरू लागले.

"झालं," हेमांगी म्हणाली. "तू बस. कॉफी करते."